चौसष्ट जणांना ठाऊक होतं

१

स्तुदेन दोल गावच्या शाळेची पितळी घंटा नाहीशी झाली ती नेमकी शेवटच्या घंटेच्या दिवशी, आणि त्सोन्का पेयचेवाबाईंना ही गोष्ट शाळेत नाही, झ्लात्काच्या बेकरीत कळली.

“बाई, ऐकलंत का?” बानित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या वडीचा, गरम तुकडा तेलकट कागदात गुंडाळता गुंडाळता झ्लात्कानं आवाज खाली आणला. तिचा खाली आणलेला आवाज रस्त्यापलीकडच्या न्हाव्याला आरामात ऐकू जातो. “स्तोइमेननं शाळेची घंटा नेली. चकचकीत करायला म्हणून नेली, आणि विकून टाकली म्हणे!”

“कोण म्हणे?”

“सगळेच म्हणतायत.”

“सगळे म्हणजे कोण? तुला कुणी सांगितलं?”

“अहो बाई, पिठाच्या गोणीला कुणी विचारतं का, बाई गं, तू कुठल्या शेतातली? सकाळपासून शंभर माणसं येऊन गेली. कोण काय बोललं, काय लक्षात राहतंय?”

बाईंनी चौतीस वर्षं बीजगणित शिकवलं होतं. ‘सगळे’ ही संख्या त्यांना कधीच मान्य नव्हती. त्यांनी बानित्सा पिशवीत टाकली, दुसऱ्या हातातले सात गुलाब सांभाळले आणि त्या भराभरा शाळेच्या दिशेनं निघाल्या. सात अशासाठी, की सम संख्येनं फुलं फक्त मेलेल्यांना देतात, आणि हे गुलाब कालिनासाठी होते.

कालिना म्हणजे शाळेचा शिपाई स्तोइमेन याची नात. दरवर्षी मे महिन्यात बारावीचा वर्ग शाळा सोडतो, तेव्हा स्तोइमेन अंगणात उभा राहून हातातली पितळी घंटा वाजवतो. ती शेवटची घंटा. आज संध्याकाळी सहाला तो ती स्वतःच्या नातीसाठी वाजवणार होता, आणि मग चाळीस वर्षांची नोकरी संपवून स्वतःही घरी जाणार होता. ज्या माणसानं चाळीस वर्षांत खडूचा तुकडासुद्धा घरी नेला नाही, त्यानं म्हणे घंटा विकली!

चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळानं अकराचे ठोके दिले. शाळेचं फाटक बंद होतं. शेवटच्या घंटेच्या दिवशी ते बंद असलेलं बाईंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

२

“बाहेर एक अक्षरही गेलेलं नाही,” मुख्याध्यापक तास्कोव बाईंना आत घेऊन फाटक पुन्हा लावत, छाती पुढे काढून म्हणाले. ते भूगोलाचे. नकाशावरच्या नद्यांसारखं सगळं आपापल्या जागी वाहावं, असा त्यांचा आग्रह. “दहा वाजता स्तोइमेन घंटा पुसायला गेला, तर कपाट रिकामं. त्यानं लगेच मला सांगितलं. मी त्याच मिनिटाला फाटक बंद केलं. आम्ही चौघं सोडलो तर कुणाला पत्ता नाही.”

“तास्कोवसाहेब, तो पत्ता बेकरीत बानित्साबरोबर फुकट मिळतोय.”

तास्कोव पांढरे पडले, मग लाल झाले. “कोण फुटलं? चौघांतलं कोण फुटलं?”

चौघं म्हणजे स्वतः तास्कोव, स्तोइमेन, कचेरीतली गिन्का आणि गणिताचा तरुण मास्तर रादोस्तिन. बाई निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीवर बसलेला हाच रादोस्तिन. त्यांचाच विद्यार्थी, आणि त्यांच्या मते सगळ्यांत हुशार. पण हे त्यांनी त्याला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं की पोरं शेफारतात.

स्तोइमेन दाराशी टोपी हातात धरून उभा होता. “किल्ली माझ्याच खिशात असते, बाई. दुसरी मास्तरांच्या खोलीत खिळ्याला. तीही जागेवर आहे. आता मी काय सांगू?”

“काही सांगू नकोस,” तास्कोव म्हणाले. “सहापर्यंत घंटा मिळाली तर मिळाली. नाही तर आम्ही विजेची वाजवू, आणि तू मागच्या दारानं घरी जा. भाषण नाही, हार नाही. पालकांना मी तोंड काय दाखवू?”

ही विजेची घंटा तास्कोवांनीच हौसेनं बसवली होती. तिचा आवाज दाढदुखीसारखा होता.

स्तोइमेननं टोपी डोक्यावर ठेवली. “मग मी आत्ताच जातो. वर माझ्या मधमाश्यांकडे. त्या तरी तोंडावर डंख मारतात, पाठीमागे नाही.”

“आजोबा, थांबा!” कालिना पांढऱ्या झग्यात धावत आली. “तुम्ही मला पहिलीत घंटा वाजवून आत घेतलंत. तुमच्याशिवाय मी बाहेर पडणार नाही. मी येते तुमच्याबरोबर, आणि सहाला ओढत घेऊन येते.”

आजोबा आणि नात टेकडीची वाट चालू लागले. बाईंनी बाह्या वर सारल्या. राग आला की त्या असंच करायच्या.

३

बाई आधी गिन्काकडे गेल्या. गावाचा संशय जाईल तर तिच्यावरच जाईल, कारण गिन्काच्या पोटात तीळ भिजत नाही.

“मी? मी सांगितलं?” गिन्का टाइपरायटरवरून उठलीच. “बाई, आईची शप्पथ! दहापासून साहेबांनी मला कचेरीत कोंडलंय. टेलिफोनची वायरसुद्धा काढून खिशात घातली. हे बघा, कपाळाला हात लावून. बातमी आत दाबून ठेवली की मला ताप येतो!”

तिचं कपाळ खरंच गरम होतं. बाईंनी तिला पाणी दिलं.

“आणि साहेब?”

“साहेब बाहेर सांगतील? त्यांना स्वतःच्या अब्रूचीच पडलीय. आता विजेच्या घंटेची हौस भागेल म्हणून आतून खूश असतील, ते वेगळं.”

ही शक्यता बाईंनी मनात टिपून ठेवली. तास्कोवांना ती पितळी घंटा नको होती, हे खरं.

रादोस्तिन त्याच्या वर्गात खिडकीशी उभा होता. बाईंना पाहून तो दचकला, मग हसला. फळ्यावर एक वक्ररेषा अर्धवट पुसलेली होती. डावीकडे उंच, मग तिच्या निम्म्यावर, मग त्याच्याही निम्म्यावर, अशी उतरत गेलेली. फळ्याच्या वर त्याच्याच वळणदार अक्षरातली पाटी टांगलेली होती: ‘घातांक ऋण चालतो. किंमत मात्र नेहमी धन.’

“अजून लावतोस का पोरांना हे म्हणायला?”

“तुम्ही मला अख्ख्या वर्गासमोर दहादा म्हणायला लावलं होतं, बाई. दहावीत. मी वजा उत्तर खोडलं होतं, आठवतं? त्यानंतर जन्मात कधी खोडलं नाही.”

“तू सकाळपासून इथंच?”

“आठपासून. बाहेर पाऊल नाही टाकलं.”

टेबलावर तेलकट कागदात बानित्साचा तुकडा पडला होता. एकच घास घेतलेला, बाकी थंडगार. बाईंनी त्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही.

चौघंही बाहेर बोलले नव्हते म्हणतात. मग बातमी काय फाटकावरून उडी मारून गेली? बाराला दहा मिनिटं कमी होती. बाई वळल्या आणि म्हणाल्या, “रादोस्तिन, तुझी अकरावीची पोरं मला दे. फळाची खबर सोडायचीय का म्हणतील, तर सांग, या वेळी खबर आधीच सुटलेली आहे.”

४

फळाची खबर म्हणजे काय, ते सांगायला हवं.

घातांक शिकवायची वेळ आली की पेयचेवाबाई दरवर्षी बाजारात एक निरुपद्रवी आवई सोडायच्या. पहिल्यांदा सोडली ती कलिंगडं आली म्हणून, तेव्हापासून तिचं नाव फळाची खबर, मग ती गिरणीपाशी अस्वल दिसल्याची का असेना. एकाच माणसाला सांगायचं आणि घड्याळ लावायचं. मग पोरं दुकानोदुकानी पसरून मोजायची, की आता किती जणांना ठाऊक आहे. पहिल्या वर्षी मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून झापलं. दुसऱ्या वर्षी तेच विचारायला आले, यंदा आकडा काय आला?

आकडा नेहमी एकच यायचा. या गावात ऐकलेली गोष्ट प्रत्येक माणूस अर्ध्या तासात एका नव्या माणसाला सांगतो. कमी नाही, जास्त नाही. म्हणजे दर अर्ध्या तासाला दुप्पट, दर तासाला चौपट. उपासाच्या दिवसांत जरा सुस्ती येते, एवढंच. पुस्तकातले जिवाणू आणि बँकेचं व्याज पोरांच्या डोक्यावरून जायचं, पण स्वतःच्या मावशीची जीभ कशी दुप्पट होत जाते हे एकदा पाहिलं की घातांक जन्मभर विसरायचे नाहीत.

“घंटेचं नाव काढायचं नाही,” बाईंनी पोरांना बजावलं. “फक्त विचारायचं, काय नवीन? बाराच्या ठोक्याआधी ठाऊक होतं का, एवढं काढून घ्यायचं. आणि कोण कुठल्या शब्दांत सांगतो, ते नीट लक्षात ठेवायचं.”

पोरं फाटकावरून उड्या मारून उधळली. पाऊण तासानं धापा टाकत परत आली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवरून हसू ओसंडत होतं.

“बाई, बस थांब्यावर म्हणतात, काकांनी घंटा विकून मोटारसायकल घेतली!”

“खाटीक म्हणतो, भंगारवाल्याला दिली आणि पैसे मातीत पुरले!”

“न्हावी म्हणतो, नुसती विकली.”

“आणि बेकरीच्या दोन्ही बाजूंची दुकानं?”

“ते म्हणतात चकचकीत करायला नेली, मग विकली. चकचकीतचं फक्त तिथंच सांगतात, बाई. पुढे कुणाला माहीतच नाही.”

“आणि सगळे मिळून किती?”

“चौसष्ट. एखादा इकडे तिकडे. दिमोआजोबांना धरलं नाही, त्यांना सगळंच आधीपासून ठाऊक असतं.”

बाई खुर्चीत बसल्या. दहाला घंटा नाहीशी झालेली कळली. दहाला कुणी एकानं फोडलं असतं, तर बारापर्यंत किती? साडेदहाला दोन, अकराला चार, साडेअकराला आठ, बाराला सोळा. फार तर सोळा.

चौसष्ट कुठून आले?

५

“मास्तर तुम्ही,” बाई रादोस्तिनला म्हणाल्या. “फळ्यावर या.”

पोरं बाकांवर दाटीनं बसली. रादोस्तिननं खडू उचलला. दहा वाजले ती वेळ शून्य धरली, म्हणजे बारा म्हणजे दोन. बातमी सुटली ती वेळ क्ष. मधे गेले ‘दोन वजा क्ष’ तास, आणि दर तासाला चौपट. त्यानं लिहिलं: चाराचा घात ‘दोन वजा क्ष’ बरोबर चौसष्ट.

“चौसष्ट म्हणजे चाराचा कितवा?” त्यानं सवयीनं पोरांना विचारलं.

“तिसरा!” पोरं ओरडली.

“पाये सारखे, म्हणून घातांक सारखे. दोन वजा क्ष बरोबर तीन.” खडू थांबला. पोरं वाट पाहत होती. “क्ष बरोबर... वजा एक.”

रादोस्तिननं त्या उत्तराकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यानं खडू आडवा धरला आणि वजा एकवर जाड फुली मारली.

“वेळ ऋण कशी असेल?” तो जरा मोठ्यानं म्हणाला. “घंटा गेलेली कळायच्या आधीच ती गेल्याची बातमी? हे उत्तर अर्थहीन आहे. तुम्ही मोजण्यात चुकलात रे. परत जाऊन—”

पहिल्या बाकावरची मुलगी पाटीकडे पाहून काहीतरी बोलणार होती. बाईंनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

“पोरांनो, झग्यांना इस्त्र्या करायला घरी पळा,” बाई म्हणाल्या. “मला मास्तरांशी बोलायचंय.”

६

वर्ग रिकामा झाला. बाईंनी टेबलावरची थंड बानित्सा उचलली, कागदावरचं पीठ बोटानं पुसलं आणि तुकडा परत ठेवला.

“झ्लात्काच्या हातची. ती दुमडताना कड अशी आत घेते. आठपासून बाहेर पाऊल नाही टाकलंस म्हणालास.”

रादोस्तिननं हातातला खडू फळ्याच्या कडेला ठेवला.

“मला वाटलं होतं तास्कोवांनी केलं असेल. त्यांना विजेची घंटा वाजवायचीय. पण तास्कोव भूगोलाचे. त्यांना हे समीकरण समोर ठेवलं असतं, तर ते बिचारे वजा एकला भ्यालेच नसते, त्यांना ते कळलंच नसतं. या उत्तराला भ्यायला बीजगणित यावं लागतं.” बाईंनी फळ्यावरच्या फुलीकडे बोट केलं. “ही चूक दहावीतली पोरं करतात, रादोस्तिन. घाताची किंमत ऋण नसते हे शिकतात आणि घातांकालाच कापतात. आपल्या जमातीची जुनी खोड. पण तू? त्या पाटीखाली उभा राहून? ज्याच्या हातून ही चूक कधीच व्हायची नाही, त्यानं ती केली, तेव्हा मला कळलं की ही चूक नाही.”

“बाई...”

“वजा एक म्हणजे दहाच्या आधी एक तास. नऊ. नऊला बातमी सुटली, तीही बेकरीतून, कारण ‘चकचकीत करायला’ हे शब्द तिथंच ताजे आहेत. पुढे राईचा पर्वत झाला. नऊला घंटा कपाटात नाही, हे एकाच माणसाला ठाऊक असणार. ज्यानं ती काढली त्याला. आणि ही रेषा.” त्या फळ्यापाशी गेल्या आणि उतरत्या वक्रावरून बोट फिरवलं. “अर्ध्यावर, मग अर्ध्याच्या अर्ध्यावर. हे घंटेचं घुमणं आहे ना? आवाज विरतो तो?”

रादोस्तिन पहिल्या बाकावर मटकन बसला. तिथं तो शाळेत असतानाही बसायचा.

“मला तुमच्यासारखं शिकवायचं होतं,” तो म्हणाला. “तुमच्या खबरी गावाला अजून आठवतात, बाई. माझं काय आठवेल? म्हटलं, शेवटच्या दिवशी पोरांना घंटा ऐकवावी. एक ठोका, आणि मोजा म्हणावं, आवाज अर्धा कधी होतो, मग अर्ध्याचा अर्धा. सकाळी आठला एकटाच सराव करत होतो. खिळ्यावरची किल्ली घेतली. जोरात हलवली, तर आतला लोळा सुटून खिडकीवर गेला आणि घंटा हातातून पडली. कडेला चीर गेली.”

“मग?”

“मग तांबट वितानकडे नेली. तो म्हणाला, पाचला देतो, चीर सांधून. त्याच्याकडे जातानाच वाटेत भूक लागली म्हणून बेकरीत शिरलो होतो. पिशवीत घंटा किणकिणली. झ्लात्का म्हणाली, काय रे वाजतंय? माझ्या तोंडून निघून गेलं, काही नाही, शाळेची घंटा, स्तोइमेनकाकांनी चकचकीत करायला दिलीय.” त्यानं डोकं हातात धरलं. “एवढंच, बाई. देवाशपथ एवढंच. किल्ली परत टांगली आणि वाटलं पाचपर्यंत निभेल. दहाला काकांनी कपाट उघडलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. साडेदहाला ते दुप्पट जड झालं. अकराला आणखी दुप्पट.”

बाईंना त्याचा भयंकर राग आला होता, आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. त्यांनी दोन्ही टाळलं.

“पाचला घंटा आणून गुपचूप कपाटात ठेवणार होतास?”

“हो. घंटा सापडली की सगळं मिटेल.”

“घंटा सापडेल रे. त्या माणसाचं नाव कुठल्या कपाटात सापडेल? मोटारसायकल घेतली म्हणतायत त्यानं! सहाला तो अंगणात येईल तेव्हा गाव त्याच्याकडे कसं पाहील?”

“पाचला सगळ्यांना सांगतो मी.”

“पाचला सांगशील? मोज.”

तो कळायच्या आत मोजून बसला होता. “सहापर्यंत... चार.”

“चार जणांना खरं ठाऊक, आणि बाकीच्यांना मोटारसायकल. आता एक वाजतोय. आत्ता सांगितलंस तर?”

“दहा अर्धे तास. दोनाचा दहावा घात.” रादोस्तिननं मान वर केली. “एक हजार चोवीस.”

“आणि गावात माणसं किती?”

“हजारच्या आसपास.” तो उठून उभा राहिला. “बाई, पुरतं की! जेमतेम पुरतं!”

“पुरतं, पण सुरुवातीला एक लागतो.”

“तुम्ही सांगा ना. तुमचं कुणीही ऐकेल.”

“मी सांगितलं तर ती चहाडी. तू सांगितलंस तर बातमी.” बाईंनी थंड बानित्सा त्याच्या हातात कोंबली. “आणि खरं बेचव असतं म्हणून पळत नाही, असं कुणी म्हणेल, तर गणिताच्या मास्तरानं घंटा फोडली यात चव काय कमी आहे? मीठमसाला लावायचीही गरज नाही. जा.”

चौकातल्या घड्याळाचा एकचा ठोका पडला तेव्हा रादोस्तिन शाळेच्या फाटकावरून उडी मारून बेकरीकडे धावत होता. फाटक अजून बंदच होतं.

७

दुपारभर बाई चौकातल्या बाकावर बसून ऐकत होत्या. दोनला बेकरीसमोर हशा झाला. तीनला न्हावी अर्धी दाढी सोडून दारात आला. साडेतीनला तास्कोवांना त्यांच्या बायकोनं घरी गाठून सांगितलं, आणि म्हणे त्यांनी स्वतः जाऊन विजेच्या घंटेचं बटण बंद केलं. पाचला बस थांब्यावरच्या लोकांनी स्तोइमेनची मोटारसायकल परत घेतली. साडेपाचला दिमोआजोबा म्हणाले की त्यांना हे सकाळपासूनच ठाऊक होतं.

सहाला अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बारावीची पोरं पांढऱ्या झग्यांत आणि नव्या कोटांत उभी होती. तेवढ्यात टेकडीच्या वाटेनं दोघं उतरताना दिसली. स्तोइमेनच्या अंगात लग्नातला काळा कोट होता, टोपी डोळ्यांवर ओढलेली. कालिनानं त्याचं कोपर घट्ट धरलं होतं. मधमाश्यांपर्यंत कुणी गेलं नव्हतं. एक हजार चोवीस माणसांचा हिशेब केला, आणि ज्याची गोष्ट होती तोच राहून गेला होता.

स्तोइमेन फाटकातून आत आला. लोकांनी वाट दिली. सगळे त्याच्याकडे पाहून हसत होते. त्यानं टोपी आणखी खाली ओढली.

“हसा,” तो म्हणाला. “हसा. चाळीस वर्षं तुमच्या पोरांना वेळेवर घरी पाठवलं. हसा आता.”

गर्दीतून रादोस्तिन पुढे आला. त्याच्या दोन्ही हातांत घंटा होती, संध्याकाळच्या उन्हात नव्यासारखी चमकत असलेली.

“काका, घंटा मी काढली,” तो म्हणाला. आवाज फाटला, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “मीच फोडली. आणि तुमचं नाव मीच घेतलं, स्वतःची लाज वाचवायला. तुमची माफी मागतो. सगळ्यांसमोर.”

स्तोइमेननं घंटा हातात घेतली. उलटी केली. आत डोळा लावला. बराच वेळ लावला.

“माझी तार कुठंय?”

“कसली तार, काका?”

“लोळ्याची! नऊ वर्षं झाली तो निखळून. मधाच्या पोळ्यांची तार गुंडाळून बांधला होता मी. दरवर्षी वाजवताना मनात क्रूस काढायचो, देवा, आज पालकांच्या डोक्यात नको जाऊ देऊस!” त्यानं लोळा बोटानं हलवून पाहिला. तांबटाचा पक्का जोड चकाकत होता. स्तोइमेनचा चेहरा हळूहळू सैल झाला, आणि मग तो असा हसला की टोपी मागे सरकली. “म्हणजे नऊ वर्षं मी घाबरत होतो, आणि सुटला तो तुझ्या हातात!”

सगळं अंगण हसलं. कालिना रडतही होती आणि हसतही होती. बाईंनी तिला गुलाब दिले आणि स्वतःचा चष्मा पुसला.

“बाई,” स्तोइमेन त्यांच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “या सगळ्यांना ठाऊक होतं ना? मग मला कुणी सांगितलं कसं नाही?”

“ज्याच्याबद्दल असतं, त्याला कुणी सांगत नाही, दादा. सकाळी चौसष्ट जण बोलत होते, त्यांतलं तरी कोण तुमच्यापाशी आलं?”

स्तोइमेननं मान वळवून रादोस्तिनकडे पाहिलं. तो अजून तिथंच उभा होता, हात कुठं ठेवावेत ते न कळून.

“हा आला,” स्तोइमेन म्हणाला.

मग त्यानं हात उंच केला आणि घंटा वाजवली. बारावीची पोरं गळ्यात गळे घालून, प्रथेप्रमाणे संपवलेल्या इयत्ता मोजत ओरडू लागली, एक! दोन! तीन! आणि बारावर सगळं गाव त्यांच्याबरोबर ओरडलं. पोरं फाटकातून बाहेर पडली. अंगण रिकामं व्हायला लागलं तशी स्तोइमेननं रादोस्तिनला खूण केली आणि घंटा त्याच्या हातात दिली.

“सप्टेंबरात पहिली घंटा तूच वाजव,” तो म्हणाला. “पण आधी मला ते ऐकव. काय ते तुझं, अर्ध्याचं अर्धं.”

रादोस्तिननं दोन्ही हातांनी धरून एकच ठोका दिला. बाईंसकट तिघंही मान कलती करून ऐकत राहिले, आवाज अगदी बारीक होईपर्यंत.

“संपला?” स्तोइमेननं विचारलं.

“नाही, काका. तो पूर्ण संपत नाही.”

“बरं झालं,” स्तोइमेन म्हणाला, आणि टोपी सरळ करून पुढच्या दारानं घरी गेला.